आठवारी साहेब

पुरुषाच्या एका कपड्याला आठ वार कापड लागतं असं मला रत्नागिरीत कुणी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, बाबा, उन्हातून आलायस, आधी पाणी पी. आमच्याकडे लुगडं नऊ वार, आणि ते बाईचं. पण सौदीत हफ्र अल बातिनजवळच्या लष्करी छावणीच्या बाजारात आमचं युनिफॉर्मचं दुकान होतं, तिथे एके दिवशी एका गोऱ्या म्हाताऱ्याने काउंटरवर हिरव्या चौकड्यांचं गाठोडं सोडलं, आणि ते कापड उलगडतच गेलं, उलगडतच गेलं. दाऊदभाईंनी सवयीने टेप लावला. दाऊदभाई म्हणजे आमचे हेड कटर, खेडकडचे, माझ्यापेक्षा वयाने आणि तोंडाने मोठे. मोजून झाल्यावर त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, "आठ वार. नऊवारीला एकच कमी पडला." त्या दिवसापासून तो माणूस आमच्या दुकानात आठवारी साहेब झाला. खरं नाव होतं, पण ते आमच्या जिभेला कधी वळलंच नाही.

साहेब स्कॉटलंडचे. इंग्लंडचे म्हटलं की त्यांची एक भुवई वर जायची आणि बराच वेळ खाली यायची नाही. दाऊदभाईंनी त्यांची समजूत घातली होती की आम्हालाही इथे सगळे बंबईवाले म्हणतात, खेड कुणाला ठाऊक आहे, चालवून घ्यायचं. छावणीच्या बँडला ते मशकीचा बाजा शिकवायचे. काखेत चामड्याची मशक, तिच्यात तोंडाने हवा भरायची, खांद्यावर उभ्या तीन नळ्या नुसता सूर धरतात आणि हातातली नळी गाते. सौदी शिपाई त्या बाजाला 'गिरबा' म्हणत. त्यांच्या आज्या वाळवंटात पाणी न्यायच्या त्या मशकीला हाच शब्द. साहेबांना हे फार आवडायचं. म्हणायचे, ह्या लोकांना मशक मला शिकवावी लागली नाही, तिच्यात पाण्याऐवजी हवा भरायची एवढंच शिकवलं.

त्यांची अरबी अस्सल होती. बाजारातला भाजीवाला फोनवर त्यांना आपल्यातलाच समजायचा आणि समोर आल्यावर दचकायचा. आमच्याशी ते अरबी, इंग्रजी आणि हाताच्या खुणा यांची खिचडी करून बोलत. आणि बोटं! त्या माणसाची बोटं कधी गप्प बसली नाहीत. चहाचा पेला धरला की पेल्यावर, माझी लाकडी पट्टी हातात आली की पट्टीवर, आणि काहीच नसलं तर स्वतःच्या मांडीवर, दहाही बोटं वरखाली होत राहायची. कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि आत कुठेतरी बाजा चाललेला. दुपारच्या उन्हात जिथे कुत्रंही सावली सोडत नाही, तिथे हा सत्तरीकडे झुकलेला माणूस रस्त्याच्या मधून कवायतीच्या पावलाने चालत यायचा. छत्री नाही, टोपी नाही.

त्यांच्या खोलीत मुंग्यांच्या रांगा असत. कारण असं, की मशकीचं चामडं कोरड्या हवेत तडकतं, म्हणून आतून काहीतरी चिकट पाजावं लागतं. त्यांच्या देशात मध की साखर घालतात म्हणे. साहेबांनी इथे खजुराचा पाक धरला. पाक कोमट करायचा, मशकीत ओतायचा आणि बाळाला न्हाऊमाखू घालावं तसं ते चामडं हाताने चोळत बसायचं. चादरींना, कपड्यांना खजुराचा वास. एकदा आम्ही त्यांचा शर्ट दुरुस्तीला घेतला आणि खिशातून मुंग्या निघाल्या. दाऊदभाई म्हणाले, मेल्या, हा माणूस मेला तर कबरीत किड्यांआधी मुंग्या पोचतील. आणि लगेच 'अल्ला त्याला आयुष्य देवो' म्हणून कानाला हात लावला.

तो आठवारी कपडा म्हणजे त्यांचा घागरा. घागरा म्हटलेलं त्यांना चालायचं, आम्ही हसलेलं चालायचं नाही. तो त्यांच्या वडिलांचा होता. वडील पलटणीत बाजा वाजवायचे. नेसून नेसून चुण्यांच्या शिवणी गेल्या होत्या, म्हणून साहेबांनी त्या स्वतः उसवून कापड मोकळं करून आणलं होतं. मला म्हणाले, पुन्हा चुण्या घाल. आणि एक गोष्ट चार वेळा बजावली: "मास्टर, कात्री नाही. ह्याला कात्री कधीच नाही." हा कपडा बापाकडून मुलाकडे जातो. मुलगा जाडा असला तर चुण्या उसवायच्या आणि ढिल्या घालायच्या, बारीक असला तर घट्ट. कापड तेवढंच राहतं.

मी शर्टातला माणूस. चौकड्यांचा शर्ट शिवायचा तर खिशाची चौकडी छातीच्या चौकडीला जुळलीच पाहिजे, हे माझ्या उस्तादाने मला पट्टीचे फटके देऊन शिकवलेलं. मी तीच अक्कल लावली. चुण्या अशा घातल्या की मागून बघितलं तर चुण्या कळूच नयेत, अख्खी चौकडी जशीच्या तशी. तीन दिवस मान मोडली. दाऊदभाईंनीही 'वा' म्हटलं, आणि ते कुणाला वा म्हणत नाहीत. साहेब आले, त्यांनी घागरा उलटा करून मागची बाजू बघितली आणि मान हलवली. रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि मला समजावू लागले. असं काम घरच्या कपड्याला करतात, लग्नाबिग्नाला, आणि ते सुरेख झालंय. पण हा पलटणीचा कपडा आहे. पलटणीत प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ यावी लागते. त्या हिरव्या कापडात एक बारीक पांढरी रेघ होती. प्रत्येक चुणीच्या मधोमध तीच. का? तर मागून चालणाऱ्याला पुढच्याची नुसती रेघ दिसते. धूळ असो, धूर असो, पुढे कोण आहे, मेला की जगला, हे कळत नसतं. ती रेघ धरून चालायचं.

मी पुन्हा सगळं उसवलं. ह्या वेळी मान मोडली ती खुशीने मोडली.

तो घागरा साहेबांनी नेसलेला मी पहिल्यांदा पाहिला तो बँडच्या आवारात, तयार युनिफॉर्म पोचवायला गेलो तेव्हा. आवाराबाहेर साहेबांनी तो कधी घातला नाही. आमच्यात पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकावं असं सांगितलंय, हे त्यांना माहीत होतं आणि ते मान राखून होते. पण आत! कंबरेला पुढे केसाळ बटवा, मोज्यात खोचलेली छोटीशी सुरी, टोपीला पीस, आणि मागे माझ्या हातच्या चुण्या पावलागणिक उघडत-मिटत होत्या. रोज आमच्याकडे पोक काढून चहा पिणारा म्हातारा कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी पाय आपटला, ताशे कडाडले, आणि सगळ्या मशकांतून एकदम सूर उठला. अंगावर असा काटा आला की हातातला गठ्ठा मी छातीशी घट्ट धरला.

काय सांगू, मला आमचा शिमगाच आठवला. गावात पालखीपुढे खालू बाजा वाजतो. आम्ही मुसलमान, पण बाजा अख्ख्या गावाचा. त्यात एक सनईवाला गातो आणि त्याच्या बाजूला दुसरा नुसता सूर धरून उभा असतो, गाल फुगवून, डोळे तारवटून. लहानपणी मला त्या दुसऱ्याची कीव यायची. ह्या साहेबाच्या खांद्यावर तसे तीन सूरवाले उभे होते. कुठे त्यांचे डोंगर, कुठे आमचा डोंगर, आणि वाजतंय कुठे, तर हफ्रच्या वाळूत. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या माणसाला सलाम केला, आणि खरं सांगतो, तो हात अजून खाली घेतलेला नाही.

मग सौदीकरणाचा, म्हणजे परदेशी काढून त्यांच्या जागी सौदी बसवण्याचा, जोर वाढला. ते आधीपासून होतंच, पण आता रोज कुणाचा तरी फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का, ऐकू यायचा. आमच्या काउंटरवरही कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाने, एक सौदी आणून बसवला, अबू नासिर. फौजेतून निवृत्त झालेला, साधा माणूस. काउंटर सौदीनेच सांभाळायचं असा नियम झाला होता. तो खुर्चीत बसून बोटांत तसबीहची माळ फिरवायचा आणि कधीकधी आमच्या कटिंग टेबलाकडे बघत राहायचा. एकदा त्याने विचारलंही, कॉलर अशी गोल कशी वळते? दाऊदभाई म्हणाले, मशीन वळवतं.

दाऊदभाईंचा एक नियम होता आणि तो ते आम्हाला जेवताना ऐकवत. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं. दबा धरणं, झेप घेणं, पंजा मारणं. शिकून झाल्यावर वाघ तिच्यावरच धावला. मांजर झटकन झाडावर चढली. वाघ खालून म्हणतो, मावशी, हे तर शिकवलंच नाहीस. "म्हणून सांगतो," दाऊदभाई म्हणायचे, "सगळं शिकवा. झाड शिकवू नका." छावणीतला प्रत्येक परदेशी हाच नियम पाळत होता. एसीवाला पाळत होता, जनरेटरवाला पाळत होता. पोटाचा प्रश्न होता, कोण कुणाला दोष देणार?

साहेबांची जागा त्यांच्याच हाताखालच्या एका सार्जंटला द्यायची ठरली. तिशीतला, उंच, लाजाळू माणूस. छावणीच्या बड्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं: वर्षाच्या शेवटच्या परेडला सार्जंटने एकट्याने बँड काढायचा. जमलं तर साहेबांचं काम संपलं. नाही जमलं तर साहेबांना आणखी एक वर्ष. ही गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक होती, आणि सार्जंटला जमत नाही हेही सगळ्यांना ऐकू येत होतं. बोटं बरोबर पडायची, ताल बरोबर, पण बाजा लाकडासारखा वाजायचा. आम्हा शिंप्यांनासुद्धा कळायचं.

साहेबांना राहायचं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही, त्यांनी स्वतः सांगितलं होतं. बायको तिकडच्या मातीत गेली होती, मुलगा तिसऱ्याच देशात, त्याला बाजाचं नाव नको. म्हणाले, तिकडे मी एक पावसात भिजणारा म्हातारा आहे. इथे मी दारात उभा राहिलो की अख्खा बँड छातीत श्वास भरतो. दाऊदभाईंनी त्यांना चहात जास्तीची साखर घालून दिली आणि मांजरीची गोष्ट सांगितली, हातवारे करून, अरबीत. साहेब खूप हसले. म्हणाले, आमच्याकडेही अशी मांजर असणार.

एके दुपारी सार्जंट परेडच्या कोटाचं माप द्यायला आला. साहेब स्टुलावर बसलेले, त्यांना पाहून तो आधी बाहेरच थबकला. मी त्याच्या खांद्याला टेप लावला तर खांदे कानापर्यंत चढलेले. मी म्हटलं, श्वास सोड, नाहीतर कोट वाकडा होईल. तो माझ्याशी बोललाच नाही. साहेबांकडे न बघता भिंतीला विचारावं तसं त्याने विचारलं, "उस्ताद, मी कागदावर आहे ते सगळं वाजवतो. मग माझं काय चुकतं?"

दाऊदभाईंची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. साहेबांनी नुसतं 'सराव कर' म्हटलं असतं तरी पुरत होतं. आणखी एक वर्ष मिळत होतं, आणि जगात कुणी त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, माझ्या बापाने मला कागद कधी दाखवलाच नाही. आणि ते गाऊ लागले. शब्द नव्हते, नुसते बोल होते. हिन-दो, हो-रो, हिन-दा, असं काहीतरी; कुठे लांबवलेले, कुठे तोडलेले, कुठे श्वासात विरघळवलेले. फाटका म्हातारा आवाज. पण बाजा म्हणजे काय ते त्या आवाजात होतं. मी टेप हातात धरून तसाच उभा. आमचे ढोलवाले शिमग्याआधी अंगणात बसून अस्सेच बोल म्हणतात. आधी तोंडात, मग हातात. बाप पोराच्या तोंडात बोल घालतो. हे कुठल्या परीक्षेत नाही, कुठल्या पुस्तकात नाही, आणि त्यांनी दिलं नसतं तर ते मागायचं असतं हेही कुणाला कळलं नसतं.

सार्जंट आधी हसला, मग हळूच त्याने पहिली ओळ परत म्हणून दाखवली. त्याच्या घशातून त्या बोलांना वाळवंटाचा खरखरीतपणा आला. साहेबांनी मान डोलावली आणि दुसरी ओळ म्हटली. दाऊदभाई माझ्या कानाशी वाकून आमच्या भाषेत पुटपुटले, "बघ रे, मांजर वाघाला घेऊन झाडावर निघाली." पण आवाजात चेष्टा नव्हती. मी बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले.

त्यानंतर रोज दुपारी दोघं आमच्याच दुकानात बसायचे. बँडच्या आवारात सार्जंटला शिपायांसमोर गायची लाज वाटत असे. साहेब एक ओळ म्हणायचे, सार्जंट परत म्हणायचा, आणि अबू नासिर तसबीह थांबवून ऐकायचा. हळूहळू मैदानावरचा बाजा बदलू लागला. दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडेच मैदान, तिकडून सूर आला की गिऱ्हाइकं माप देता देता पाय हलवायची.

परेडला थोडे दिवस राहिले असताना साहेब घागरा घेऊन आले. धुऊन, इस्त्री करून. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, उसव, आणि बँडात जितक्या मशका आहेत तितक्या खोळी शिव. मशकीवर कापडाची खोळ असते. त्यांच्या जुन्या खोळी विटल्या होत्या. रंग सौदी झेंड्यासारखा हिरवा असल्याने बडा अधिकारीही लगेच हो म्हणाला होता.

मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच सांगितलंत, ह्याला कात्री नाही."

"मुलाकडे जातो तेव्हा माप बदलतं," ते म्हणाले. "माझ्या मुलांना गुडघे दाखवायचे नाहीत. काखेत चालेल."

मी कात्री उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. इतकी वर्षं कापड कापतोय, पण त्या दिवशी बकरी ईदला पहिल्यांदा सुरी धरणाऱ्यासारखा मी कात्री धरून उभा. शेवटी बिस्मिल्ला म्हणून चालवली. साहेबांनी डोळे मिटले नाहीत. पहिला तुकडा सुटा होईपर्यंत बघत राहिले आणि मग बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

काम मोठं होतं. पांढरी रेघ प्रत्येक खोळीवर त्याच एका जागी यायला हवी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यासाठी उरलेलं लांबलचक कापड दोन्ही टोकांनी ताणून धरावं लागे, आणि आम्ही दोघं अपुरे पडत होतो. दाऊदभाईंनी काउंटरकडे बघितलं. मग म्हणाले, "अबू नासिर, तआल." तो आला. दाऊदभाईंनी त्याची बोटं धरून दाखवलं, कापड कुठे धरायचं, धागा सरळ कसा बघायचा, खडू कसा ओढायचा. संध्याकाळी खोळी बाजूला ठेवून त्यांनी एक कॉलर घेतली आणि ती कशी वळते तेही दाखवलं.

परेडच्या दिवशी साहेब मैदानावर गेलेच नाहीत. साध्या पँटीत आमच्या स्टुलावर येऊन बसले. मी तिथे असलो तर ती पोरं माझ्याकडे बघतील, सार्जंटकडे नाही, असं म्हणाले. चहा घेतला नाही. आणि त्या दिवशी, मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांची बोटं स्थिर होती.

भिंतीपलीकडे शांतता झाली. मशकीच्या बाजाची सगळी परीक्षा सुरुवातीलाच असते, हे एव्हाना आम्हीही शिकलो होतो. एकाची जरी मशक आधी कुंथली, की गेलं. ताशे कडाडले. आणि सूर उठला. एकदम, एका छातीतून उठावा तसा. दाऊदभाईंनी माझा दंड धरला. त्यावर गाणं चढलं, आणि ते लाकूड नव्हतं, बाबांनो. त्यात कुठल्यातरी भिजलेल्या डोंगरावरचा बाप होता आणि हफ्रची वाळूही होती.

बँड मैदानातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याने परत जायचा, आमच्या दारावरून. आवाज जवळ येऊ लागला तसे साहेब उठले आणि ट्रायल रूममध्ये शिरून पडदा ओढून घेतला. सार्जंटला ते दिसायला नको होते. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. सार्जंट पुढे, मान ताठ, मागे ओळीने सगळे, आणि प्रत्येकाच्या काखेत तो हिरवा तुकडा श्वासाबरोबर फुगत-दबत होता. गल्ल्यातल्या नाण्यांपर्यंत सगळं दुकान थरथरत होतं.

पडद्याआडून आवाज आला. बाजाच्या कल्लोळात जेमतेम ऐकू आला.

"मास्टर, रेघ?"

मी बघितलं. पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत.

"एकच दिसते, साहेब."

बँड वळणावरून गेला, ताशे लांब झाले.

"खलास," साहेब म्हणाले, आणि पडदा बाजूला करून चहा मागितला.